तीन जिल्ह्यांचं विरजण

मन्मथराव हलकुड्यांच्या पोटातलं विरजण तीन जिल्ह्यांच्या पोटात पोचलं, आणि तेव्हापासून त्यांना कुणी जेवायला बोलवेनासं झालं.

राग नव्हता कुणाचा. उलट आदर इतका वाढला होता की लोक त्यांना रस्त्यात पाहून हात जोडत आणि चार पावलं मागं सरत. देवालाही लोक हात जोडतात, पण निदान नैवेद्य तरी दाखवतात.

मन्मथराव लातूरच्या बसस्थानकात कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. नाव मदनाचं, घराण्याच्या श्रद्धेनं ठेवलेलं. लग्न मात्र झालं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "सगळ्यांच्या गाड्या सोडता सोडता आपली कधी लागून गेली, कळलंच नाही." आवाज भारदस्त होता. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी तो यंत्रात भरून घेतला, आणि मन्मथराव घरी बसले तरी त्यांचा आवाज कामावरच राहिला. घर स्टॅंडमागच्या गल्लीत. त्यामुळं दिवसभर खिडकीतून त्यांना स्वतःचंच ऐकू येई, "लातूर-औसा गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे." घरात त्यांच्याशी बोलणारं एवढंच माणूस होतं.

नोकरीत असताना मात्र त्यांना एकटं जेवायची सवय नव्हती. त्यांनी कधी डबा नेला नाही. नेली ती शेंगदाण्याच्या चटणीची एक डबी. बिदरचा ड्रायव्हर डबा उघडी, सोलापूरचा कंडक्टर उघडी, हैदराबादहून आलेला कुणी लोणच्याची पिशवी सोडी. मन्मथराव प्रत्येकाच्या डब्यातून एक घास घेत आणि बदल्यात चिमूटभर चटणी ठेवत. याला स्टॅंडवर 'कंट्रोलरचा टोल' म्हणत. निवृत्तीनंतरही जेवायच्या वेळी ते डबी घेऊन स्टॅंडवर जातच. उष्टं-बिष्टं कुणी बघत नसे. गाडी सुटायची असली की माणूस शास्त्र बघत नाही.

मग शहरात जीवाणू पेढी आली. पेढी म्हणजे सोन्याची नव्हे, पोटाची. तिनं साठीपुढच्या लोकांसाठी तपासणी शिबिर ठेवलं. मन्मथराव गेले, कारण चहा-बिस्किट होतं. स्वभावाप्रमाणं त्यांनी रांगेतल्या चौघांशी ओळखी केल्या, मागितला तो नमुना दिला आणि विसरून गेले.

आठ-पंधरा दिवसांनी दारात पेढीची गाडी उभी राहिली. तिच्यातून डॉक्टर अन्विता कुलथे उतरल्या. वय पस्तिशीच्या आसपास, डोळ्यांखाली जागरणं. मन्मथरावांनी पाणी पुढं केलं, ते त्यांनी नको म्हटलं.

"काका, तुमचे गुडघे दुखतात?"

"नाही."

"तुमच्या वयाचं, गुडघे न दुखणारं दुसरं कुणी माहीत आहे?"

मन्मथरावांनी गल्ली आठवून पाहिली. तसं कुणी नव्हतं.

मग डॉक्टर कुलथ्यांनी त्यांना समजेल असं सांगितलं. त्या चांगलं सांगत. शरीरात कुठं इजा झाली, जंतू शिरला, की पेशीच्या आत एक भोंगा वाजतो. तो ऐकून रक्त धावतं, जागा तापते, सुजते, दुखते. हा दाह. आग विझली की भोंगा बंद व्हावा. पण वयानं, संधिवातानं तो अडकतो. आग नाही, तरी भोंगा चालूच. विझवायला आलेलेच मग घर मोडायला लागतात.

"आमच्या स्टॅंडवर होता असला भोंगा," मन्मथराव म्हणाले. "शेवटी वायर तोडली."

"वायर तोडणारी औषधं आहेत. पण मग खरी आग लागली तरी कळत नाही. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात. आपल्या शरीरातल्या संप्रेरकांसारखी दिसतात, त्यामुळं पेशी त्यांना आत घेते. आत जाऊन ती भोंग्याच्या बटणावर अडकलेला हात हळूच बाजूला करतात. वायर शाबूत."

"मग सगळ्यांनी सोयाबीन खावं की. आपल्याकडं काय तोटा आहे?"

"तिथंच मेख आहे. दाण्यातलं द्रव्य कच्चं असतं. आतड्यातला एक जीवाणू त्याचं इक्वॉल करतो, खरा जोर त्यात. आणि तो जीवाणू तिघांतल्या एखाद्याच्याच पोटात असतो. बाकीच्यांनी पोतं खाल्लं तरी म्हशीनं पेंड खाल्ल्यासारखं."

"माझ्या पोटात आहे?"

"तुमच्या पोटात जो आहे, तसा आम्ही कुठं पाहिला नाही." त्या जरा पुढं झुकल्या. "इतरांचा महिन्यात करतो तेवढं तुमचा चार दिवसांत करतो."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मन्मथरावांच्या कर्तबगारीबद्दल इतक्या आपुलकीनं बोलत होतं, आणि नेमकी ती कर्तबगारी त्यांची नव्हती. तरीही त्यांनी सवयीनं मान लववली.

अडचण एकच होती. हा जीवाणू पोलादी टाकीत वाढे, पण काही पिढ्यांनी आपलं काम विसरे. नुसता बसून खाई. म्हणून टाकीला वरचेवर ताजं विरजण लागणार होतं. "घरचं विरजण बिघडलं की आपण शेजारून आणतो, तसं," डॉक्टर म्हणाल्या. शेजारी म्हणजे मन्मथराव.

त्यांनी होकार दिला. कारण त्यांना एक बहीण होती.

शिवकांताक्का त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, औशाजवळच्या सावरवाडीला राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, वाट्यानं दिलेलं चार एकर रान. संधिवातानं तिच्या बोटांची आल्याच्या मुळ्यांसारखी गत झाली होती. भाकरी थापणं कित्येक वर्षांपूर्वी सुटलं. शेजारची सून करून द्यायची. अक्का खायची आणि म्हणायची, "चांगली हाय." त्या 'चांगली हाय'मध्ये काय असे ते फक्त मन्मथरावांना कळे.

विरजणापासून कॅप्सूल तयार झाली. तिचं नाव 'निवांत'. वाटीभर सोयाबीनबरोबर घ्यायची. लातूर, धाराशिव, नांदेड असे तीन जिल्हे आधी. दिवाळीपर्यंत पारावरची म्हातारी माणसं हात न टेकता उठायला लागली. आणि एके सकाळी अक्काचा फोन आला. ती काही बोलेना. नुसता आवाज येत होता, थप थप थप.

"अक्का? काय करलालीस?"

"ऐक की लेका नुसतं," अक्का म्हणाली, आणि पुन्हा थप थप थप.

मन्मथराव फोन कानाला लावून उभे राहिले. तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज आला तेव्हा त्यांनी डोळे पुसले. मग खुर्चीत बसून पेढीचा डबा उघडला.

कारण एव्हाना नियम आले होते. असलं दुर्मिळ विरजण बाहेरच्या जंतूंनी नासू नये म्हणून पेढीच्या तज्ज्ञ समितीनं मन्मथरावांना संरक्षण दिलं होतं. जेवण पेढीचं, बंद डब्यातलं, रोज तेच: सोयाबीनची खिचडी. पाणी पेढीचं. भांडी वेगळी. दुसऱ्याच्या पंक्तीला बसायचं नाही, दुसऱ्याला आपल्या पंक्तीला घ्यायचं नाही. पूर्वी लोक सोवळं पाळत ते देवासाठी. फरक एवढाच की देवाची गाडी रोज सकाळी तपासायला येत नसे. पेढीची येई. शेजारी दूधवाला द्यायला येई आणि त्यांच्याकडं पेढीवाला न्यायला, आणि दोघांची गल्लीत गाठ पडली की दूधवाला आपला कॅन जरा आडोशाला धरी.

पेढीनं एक ताटही दिलं होतं. त्याच्या काठात बारीक कॅमेरा आणि गोड बायकी आवाज. "सोयाबीन खिचडी. मान्य," ते म्हणे. एकदा मन्मथरावांनी चटणीची डबी काढली. "अनोळखी पदार्थ," ताट म्हणालं. दुसऱ्या दिवशी गाडी नमुन्याबरोबर चटणीची डबीही घेऊन गेली. ती डबी नोकरी लागली त्या वर्षी घेतलेली होती.

गल्लीनंही साथ दिली. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी 'निवांत' घेत होतं. शेजारच्या मुंजाळांच्या मुलीचं लग्न झालं, पत्रिका आली, पण मुंजाळ स्वतः येऊन म्हणाले, "काका, तुम्ही घरनंच आशीर्वाद द्या. आमच्या आईचे खांदे आत्ताच कुठं वर जायला लागलेत." बाहेर पंगत बसली. मसालेभाताचा वास खिडकीतून आला. त्याला ताटाची हरकत नव्हती.

मन्मथराव ताटाशी बोलायला लागले. "प्रवाशांनी लक्ष द्यावं," ते पहिल्या घासाला म्हणत, "मुखातून पोटाकडं जाणारी खिचडी सुटत आहे." ताट म्हणे, "मान्य."

*

थंडी पडायला लागली तशा डॉक्टर कुलथे वरचेवर यायला लागल्या. कधी गाडीतच बसून पुड्यातलं काहीतरी खात, हात पुसत आणि मग दार वाजवत. एकदा आल्या आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"काका, जोर कमी होतोय."

"माझा?"

"त्याचा. तुमच्या जीवाणूचा. दर महिन्याला इक्वॉल घटतंय. समिती म्हणते कुठून तरी बाहेरचा संसर्ग होतोय. आता डबा दोनदा निर्जंतुक करून येईल. तुम्ही बाहेर पडणंही बंद ठेवा."

"मी बाहेर पडतो कुठं? परवा कोपऱ्यापर्यंत गेलो तर सलूनवाल्यानं दार लावून घेतलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "हे असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत तो संपेल. साठवणीतला टिकत नाही, मी सगळं करून पाहिलं."

"मग अक्काची बोटं?"

डॉक्टरांनी पुन्हा खिडकीकडं तोंड फिरवलं. म्हणजे बोलल्यासारखंच झालं.

"चहा घ्या," मन्मथराव म्हणाले, आणि मग घरात चहा नाही हे त्यांना आठवलं.

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला. "येळवस आलीय. ह्या वर्षी सगळ्या भाकरी मी करनार. कुनाला हात लावू देनार न्हाई. येतूस का?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. या दिवशी लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते रिकामे. माणसं रानात गेलेली. शेतात कडब्याची खोप घालतात, पूजा करतात, ताज्या शेंगांच्या दाण्यांची भज्जी, बाजरीची भाकरी आणि मडकंभर आंबट आंबील घेऊन जेवायला बसतात. त्या दिवशी बोलावणं लागत नाही. बांधावरून जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून बसवतात. न जेवता कुणी शिवारातून परतला तर रानाला लागतं म्हणतात.

"कसं येऊ, अक्का? तुला माहीत आहे."

"म्हायत हाय. तुज्या पोटामुळं माजी बोटं उघडली, आन मी केलेलं तुजं तोंड उघडंना. असला कसला इलाज रं ह्यो?" मग जरा थांबून म्हणाली, "मी ताट वाढून ठेवते. येनं न येनं तुज्यावर."

मन्मथराव रात्रभर काही विचार करत राहिले असं नाही. ते लवकर झोपले. पण येळवशीच्या सकाळी उठले तेव्हा त्यांचा विचार झालेला होता. उन्हाळ्यात अक्काची बोटं आखडणार. पुढच्या येळवशीला तिला भाकरी थापता येणार नाही. म्हणजे तिच्या हातची भाकरी खायची असेल तर आजच. हिशेब इतका सोपा होता की त्याला तज्ज्ञ समिती लागत नव्हती.

त्यांनी ताट भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि बाहेर पडले.

गल्लीत कुणी नव्हतं. मुख्य रस्त्यावर एक कुत्रं मधोमध बसलं होतं, त्यालाही चुकल्यासारखं वाटत होतं. स्टॅंडवर फलाट रिकामे. केबिनमध्ये कुणी नाही. आणि वरच्या भोंग्यातून त्यांचाच आवाज, भरदार, दहा वर्षांनी तरुण: "लातूर-औसा गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे. प्रवाशांनी त्वरित गाडीत बसून घ्यावे." प्रवासी एकच होता. आपण सांगितलेलं ऐकणारा एक तरी माणूस भेटला, या समाधानात तो त्वरित गाडीत बसला.

*

सावरवाडीच्या रानात पंगत बसतच होती. ज्वारी कमरेएवढी, हरभरा घाट्यांवर. अक्काच्या खोपीपाशी आजूबाजूच्या चार घरांची माणसं जमली होती. मन्मथराव बांधावरून उतरले आणि बोलणं थांबलं.

"मन्मथआप्पा?" शेजारच्या वावराचे बसप्पा उठून उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी ते काठीशिवाय उठत नसत. "तुमी हितं?"

"जेवायला आलो."

"जेवायला म्हंजे... बगायला?"

"जेवायला म्हणजे जेवायला."

कुणीतरी आंबिलाचं मडकं हळूच मागं ओढलं. एका बाईनं आपलं पोर जवळ घेतलं. बसप्पांनी हात जोडले. "आप्पा, पाया पडतो, पर लांबनं. तुमी हिथलं खाल्लं आन आतलं इरजन नासलं तर आमच्या गुडघ्याचं काय?"

"त्येच्या तोंडाला कुलूप लावून तुमचे गुडघे चालनार व्हय रं?" अक्का खोपीतून बाहेर आली. हात पिठानं भरलेले होते.

"अक्का, तुमचीबी बोटं हैत की त्यात."

अक्कानं आपल्या बोटांकडं पाहिलं. सरळ नव्हती, पण उघडमीट करत होती. 

तेव्हा मन्मथरावांनी सांगून टाकलं. गाड्या रद्द झाल्याचं सांगत त्याच आवाजात. "विरजण उतरत चाललंय. मी नुसती खिचडी खाल्ली तर उन्हाळ्यापर्यंत जाईल. आज इथं जेवलो तर कदाचित उद्याच जाईल. म्हणजे चार-सहा महिने तुमचे आहेत, ते मी खाणार आहे. तुम्ही नको म्हणालात तर परत जातो. परतीची गाडी आहे."

ज्वारीत वारा शिरला. बसप्पा वाकून आपले दोन्ही गुडघे चोळत राहिले, जणू त्यांनाच विचारत होते. मग त्यांनी पंगतीत स्वतःशेजारी जागा केली.

"येळवशीला रानात आलेला मानूस उपाशी गेला, असं ह्या शिवारात आजवर झालं न्हाई," ते म्हणाले. "बसा. वाढा गं त्येंला. गुडघ्याचं गुडघे बगतील."

अक्कानं वाढलं. भज्जीत तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, बोरं, गाजर, काय नव्हतं! बाजरीची भाकरी एका बाजूला जरा जाड, एका बाजूला करपलेली. मन्मथरावांनी तुकडा मोडला. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडं बघत होती. एवढ्या माणसांसमोर ते फक्त पुकारा करताना असत. त्यांनी चावलं. गिळलं.

"कशी हाय?" अक्कानं विचारलं.

"करपलीय."

अक्का हसली. "तुजीच करपलीय. तुजी वाट बगत बसले म्हनून."

बसप्पांनी आपल्या ताटातलं लोणचं त्यांच्या ताटात टाकलं. कुणी शेंगा, कुणी आंबिलाचा पेला, स्वतः ओठ लावलेला, पुढं केला. मन्मथरावांनी प्रत्येकाकडचा एक घास घेतला. चटणी मात्र नव्हती त्यांच्याकडं. टोल फुकट वसूल झाला.

*

दुसऱ्या सकाळी पायरीवर डॉक्टर कुलथे बसल्या होत्या. ताटानं त्यांना रात्रीच कळवलं होतं की भिंत जेवत नाही.

"मला फोन करायचा होता, काका."

"तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही."

"म्हणून."

त्यांनी मुकाट्यानं नमुना घेतला. जाताना म्हणाल्या, "सगळं शहर रानात होतं ना काल. मी प्रयोगशाळेत होते. कुठून तरी भज्जीचा वास येतोय असं वाटत होतं. बहुतेक नव्हताच."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मन्मथराव रोज अक्काला फोन करून विचारत, "बोटं कशी आहेत?" अक्का म्हणे, "हैत दहाच." ते खिचडी खात. ताट 'मान्य' म्हणे. आपण तीन जिल्ह्यांचे सांधे एका करपलेल्या भाकरीवर उधळले, असं त्यांना खिडकीतल्या प्रत्येक घोषणेला वाटे.

मग एका दुपारी डॉक्टर गाडी बंद न करताच आत आल्या.

"वाढलाय. दुप्पट." त्या उभ्याउभ्याच बोलत होत्या. "चूक माझी आहे, काका. समितीचीही, पण आधी माझी. तुमचा जीवाणू एकटा जगू शकत नाही. त्याला काम करायला हायड्रोजन लागतो, आणि तो शेजारचे जीवाणू देतात, त्यांचं अन्न पचवून झाल्यावर उरलेला. थोडक्यात, तो दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगतो. तुम्ही वर्षानुवर्षं शंभर डब्यांतलं खात होतात, त्याला शेजार मिळत होता. आम्ही निर्जंतुक खिचडी देऊन त्याची सगळी गल्ली रिकामी केली. तुम्ही रानात जेवलात आणि शेजारी परत आले."

मन्मथराव खुर्चीत बसले. "म्हणजे आम्ही दोघंही एकाच दुखण्यानं—"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "तसंच काहीसं."

अक्काची बोटं वाचली. बसप्पांचे गुडघे वाचले. आता गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण पेढीला समिती होती.

समितीनं नवं संशोधन तातडीनं स्वीकारलं आणि परिपत्रक काढलं: विरजणदात्यानं यापुढं एकट्यानं जेवू नये. त्यासाठी चार 'सहभोजन सहायक' नेमण्यात आले. त्यांची पोटं तपासलेली, हात धुतलेले, पाळ्या ठरलेल्या. ते बरोबर साडेबाराला येत, अंगठा लावत, आपापल्या घरचा प्रमाणित डबा उघडत, त्यातला एक प्रमाणित घास मन्मथरावांच्या ताटात ठेवत आणि जेवत. बोलावं की नाही याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं, म्हणून ते बोलत नसत. मन्मथरावांनी एकदा विचारलं, "आपलं गाव कुठलं?" समोरच्यानं दचकून शेजाऱ्याकडं पाहिलं. शेजाऱ्यानं मान हलवली, नको.

अक्कानंही नाव दिलं होतं. ते नाकारलं गेलं, कारण ती नातेवाईक असल्यानं तिचा हितसंबंध गुंतलेला होता.

चार डबे बंद होत, चार अंगठे लागत, चार जोडी चपला पायरीवरून उतरत. मन्मथराव पूर्वी एकटे जेवत. आता ते पाच जणांत एकटे जेवत. पोटातला जीवाणू मात्र खुशीत होता. त्याला शेजार म्हणजे एवढंच लागत होतं.

एका रविवारी, सहायकांच्या सुट्टीच्या दिवशी, दार वाजलं. डॉक्टर कुलथे होत्या. पहिल्यांदाच पांढऱ्या कोटाशिवाय.

"नमुना सकाळीच गेला," मन्मथराव म्हणाले.

"माहीत आहे. आज माझी ड्यूटी नाही." त्यांनी कापडात बांधलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. "सावरवाडीला गेले होते, तुमच्या बहिणीची बोटं मोजायला. जेवल्याशिवाय बोट धरू देणार नाही म्हणाल्या. जेवले. मग हे बांधून दिलं. आणि सांगितलंय, काकांनी खाल्ल्याशिवाय उठायचं नाही."

गाठ सोडली. आत भाकरी. एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली. त्याखाली जुनी, काठ झिजलेली एक डबी.

"ही पेढीच्या गोदामात होती," डॉक्टर दुसरीकडं बघत म्हणाल्या. "चटणी मी केलीय. पहिल्यांदाच. बहुतेक मीठ जास्त झालंय."

मन्मथरावांनी पाणी पुढं केलं. डॉक्टरांनी पेला घेतला आणि रिकामा केला. मग मन्मथरावांनी भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा डॉक्टरांपुढं ठेवला, चटणीची चिमूट घेतली.

"अनोळखी पदार्थ," ताट म्हणालं. "अनोळखी—"

मन्मथरावांनी ते पालथं घातलं आणि त्यावरच भाकरी ठेवली.

मीठ खरंच जास्त होतं. बाहेर भोंगा खरखरला, आणि त्यांचाच आवाज खिडकीतून आत आला, भरदार, घाईचा: लातूर-औसा गाडी सुटत आहे, प्रवाशांनी त्वरित...

"सुटू दे," मन्मथराव त्याला म्हणाले, आणि डॉक्टरांच्या तुकड्यातला एक घास मोडून घेतला.